ओळखा पाहू, मनात काय आहे?

जैन शास्त्रांनी जीवांची मांडणी इंद्रियांच्या संख्येवरून केली आहे. पृथ्वी, पाणी, अग्नी, वायू आणि वनस्पती यांची काया धारण करणाऱ्या जीवांना केवळ स्पर्श. गांडूळ, शंख यांना त्याच्या जोडीला रस. मुंगीला त्यात घ्राणाची भर. माशी आणि भुंगा यांना डोळे, आणि सर्वांत शेवटी पंचेंद्रिय जीवाला कान. तत्त्वार्थसूत्राच्या दुसऱ्या अध्यायात कृमी, मुंगी, भ्रमर आणि मनुष्य अशा चारच उदाहरणांत ही चढण सांगितली आहे. पाठशाळेत जाणारे मूल हा क्रम घडाघडा म्हणून दाखवते. ऐकण्याची शक्ती या क्रमात सर्वांत शेवटी लाभते, ही गोष्ट मात्र सहसा कोणी त्याच्या लक्षात आणून देत नाही. ‘श्रावक’ हा शब्दसुद्धा ‘ऐकणे’ या अर्थाच्या ‘श्रु’ धातूपासूनच आला आहे.

असे असूनही आजच्या घरांत सर्वांत कमी कस लागतो तो याच पाचव्या इंद्रियाचा. मूल समोरच्याचे वाक्य पुरे होण्याआधीच उत्तर देते. पाहुणे आले की आतल्या खोलीत निघून जाते. सुट्टीत दुकानावर बसवले आणि ग्राहक म्हणाला, “यातलेच, पण जरा हलके दाखवा,” तर हलके म्हणजे वजनाने की किमतीने, हे विचारण्याचे त्याला सुचत नाही. व्यापारी कुटुंबाला याची किंमत पुढे मोजावी लागते. अर्धवट ऐकलेल्या निरोपाने माल चुकीचा जातो आणि अर्धवट ऐकलेल्या शब्दाने भावाभावांत अबोला येतो. ऐकण्याची सवय उपदेशाने लागत नाही, कारण उपदेशही आधी ऐकावाच लागतो. एक जुना, बिनखर्चाचा खेळ ते काम अधिक चांगले करतो.

खेळ आणि त्याची शिडी

खेळ सर्वांच्या परिचयाचा आहे. एकाने मनात एखादी वस्तू किंवा प्राणी धरायचा. इतरांनी ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर येईल असे प्रश्न विचारायचे आणि वीस प्रश्नांच्या आत ती गोष्ट ओळखायची. अमेरिकेत १९४६ साली या खेळावर ‘ट्वेंटी क्वेश्चन्स’ नावाचा रेडिओ कार्यक्रम सुरू झाला आणि तो फार लोकप्रिय ठरला. पाश्चात्त्य घरांत हा खेळ ‘प्राणी, वनस्पती की खनिज’ या तीन कप्प्यांपासून सुरू होतो. जैन घरातील मुलाजवळ याहून बारीक पायऱ्यांची शिडी आधीपासूनच आहे.

“तो जीव आहे का?” – हो. “त्रस आहे का?” – हो. “त्याला डोळे आहेत का?” – नाही. “नाक आहे का?” – हो. चार प्रश्नांत मूल त्रींद्रिय जीवांपर्यंत येऊन पोहोचते. आता मुंगी, ऊ की ढेकूण एवढेच ठरवायचे उरते. प्रतिक्रमणात अर्थ न कळता उच्चारलेली नावे अशा वेळी प्रथमच त्याच्या कामी येतात.

खरी गंमत येते ती कोणी मनात ‘पाणी’ धरले की. “तो जीव आहे का?” या प्रश्नाचे उत्तर काय द्यावे? कच्चे पाणी म्हणजे अप्काय जीव. उकळलेले पाणी अचित्त. नुसते ‘हो’ म्हटले तरी अपुरे आणि ‘नाही’ म्हटले तरी अपुरे. म्हणून जैन घरातील खेळात एक तिसरे उत्तर मान्य असावे : “एका अपेक्षेने हो.” ते उत्तर आले की विचारणाऱ्याने लगेच पुढे विचारायचे, “कोणत्या अपेक्षेने?” अनेकांतवादावरील व्याख्यान दहा वर्षांच्या मुलाला पेलणार नाही. पण समोरचा खोटे बोलत नसून वेगळ्या बाजूने बोलत असू शकतो, हे त्याला या एका प्रश्नातून उमगते. भांडण सुरू होण्याआधी “तुमचे म्हणणे कोणत्या अर्थाने?” असे विचारण्याची सवय लागली, तर ती संस्काराची मोठी पुंजी ठरते.

तीन नियम

खेळाने कान घडावेत यासाठी तीन नियम पाळावेत. पहिला नियम असा की, प्रश्न विचारण्यापूर्वी आतापर्यंत काय कळले ते एका वाक्यात सांगायचे : “जीव नाही, स्वयंपाकघरात असते, धातूची आहे.” यामुळे आपली पाळी नसतानाही इतरांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे ऐकावीच लागतात. विचारून झालेला प्रश्न पुन्हा विचारला तर एक प्रश्न वाया जातो, आणि ही शिक्षा पुरेशी आहे. दुसरा नियम, प्रश्न पूर्ण वाक्यात आणि नाते जोडून विचारायचा. “लाकडाची?” असे तुटक न विचारता “आजोबा, ती वस्तू लाकडाची आहे का?” असे विचारायचे. आजोबांना कमी ऐकू येत असेल, तर त्यांच्याकडे तोंड करून सावकाश बोलायचे. तिसरा नियम उत्तर देणाऱ्यासाठी आहे. मनातील गोष्ट आधी चिठ्ठीवर लिहून, घडी घालून ठेवायची. हरण्याच्या भीतीने मध्येच वस्तू बदलणे हा मृषावादाचाच एक प्रकार आहे, हे चिठ्ठी न रागावता शिकवते.

मुलांच्या प्रश्नांचा अभ्यासही झालेला आहे. मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात असा एक प्रयोग आहे. मुलांपुढे अनेक चित्रे मांडून, मनात धरलेले चित्र प्रश्न विचारून ओळखायला सांगितले होते. सहा वर्षांची मुले बहुधा एकेका चित्रावर बोट ठेवून “हेच का?” असे विचारत. अकरा वर्षांची मुले “ते खेळणे आहे का?” अशा, एकदम अनेक चित्रे बाद करणाऱ्या प्रश्नांकडे वळलेली दिसली. म्हणून लहान मुलाने सुरुवातीलाच “वाटी का? चमचा का?” असा सपाटा लावला तर त्याला हसू नये. मोठ्यांनी आपल्या पाळीला एक चांगला प्रश्न विचारून दाखवावा. मूल ते आपोआप उचलते.

चांगल्या प्रश्नाची किंमत व्यापारी घरात हिशेबाने पटवून देता येते. १ ते १०० मधील मनात धरलेली संख्या “५० पेक्षा मोठी आहे का?” अशी दर वेळी निम्मी यादी गाळत गेल्यास जास्तीत जास्त सात प्रश्नांत सापडते. याच रीतीने वीस प्रश्नांत १०,४८,५७६ गोष्टींमधून एक निवडता येते. गल्ल्यावर बसणारा जाणता माणूस हेच करतो. चाळीस साड्या उलगडून टाकण्याऐवजी तो विचारतो, “घरच्या कार्यासाठी की भेट द्यायला? नेसणाऱ्या ताईंचे वय काय? साधारण किती किमतीपर्यंत?” तीन प्रश्नांत निम्मे कपाट उघडण्याची गरज उरत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, आपले ऐकून घेतले गेले या समाधानाने ग्राहक पुन्हा त्याच दुकानात येतो.

वयानुसार आणि भाषेनुसार

चार-पाच वर्षांच्या मुलासाठी वीस प्रश्नांचा खेळ जड जातो. त्याच्यासाठी कापडी पिशवीत घरातील वस्तू ठेवावी. एकाने आत हात घालून वर्णन करावे आणि इतरांनी ओळखावे. खरखरीत, गुळगुळीत, चपटे, टोकदार, पोकळ हे शब्द अशाच वेळी जिभेवर बसतात. सहा ते आठ वर्षांच्या मुलांपुढे दहा-बारा वस्तू मांडून त्यांतील एक ओळखायला सांगावी. नवव्या वर्षानंतर मोकळा खेळ सुरू करावा. ज्या घरांत मारवाडी, गुजराती किंवा कच्छी बोलली जाते, तेथे एक दिवस घरच्या बोलीत आणि एक दिवस मराठीत खेळावे. दोन्ही भाषांत नेमके विचारता येणारे मूल आजीच्या खोलीतही परके ठरत नाही आणि बाजारातही.

बुजरे मूल असल्यास आरंभी त्याला आजी किंवा आजोबांच्या जोडीला बसवावे. दोघांचा प्रश्न एकच. तो आधी आपापसांत ठरवायचा आणि मुलाने उच्चारायचा. एखादे मूल मन लावूनही वारंवार भलतेच ऐकत असेल, किंवा वयाच्या मानाने त्याला वाक्य जुळवणे फारच कठीण जात असेल, तर त्याला निष्काळजी ठरवू नये. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून श्रवणाची तपासणी करून घ्यावी आणि गरज वाटल्यास वाचा-भाषा तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. खेळामुळे अशी अडचण वेळीच ध्यानात आली, तरी त्याचे मोल मोठे आहे.

वेळ कोठून आणायचा, हा प्रश्न सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणाऱ्या घरांत फारसा अवघड नसावा. जेवणानंतरचा अर्धा तास, विशेषतः चातुर्मासात, बहुतेक सर्वजण घरी असतात. त्या वेळी मोठ्यांचे फोन दूर राहिले तरच मुलांचे राहतील, एवढी अट मात्र आहे.

दुसऱ्याच्या मनातील भाव थेट जाणणारे ज्ञान शास्त्रांनी मनःपर्यय किंवा मनःपर्यव या नावाने सांगितले आहे. ते फक्त संयमी मुनींनाच प्राप्त होऊ शकते. परंपरा असे मानते की गौतम गणधरांना ते ज्ञान होते. तरीही ते भगवान महावीरांना विनयाने प्रश्न विचारीत राहिले. श्वेतांबर परंपरेतील भगवतीसूत्र हे अशा प्रश्नोत्तरांचेच आगम आहे. गृहस्थाच्या वाट्याला मती आणि श्रुत ही दोन ज्ञाने येतात, आणि श्रुत म्हणजे ऐकलेले. त्यामुळे मुलाच्या, भावाच्या किंवा ग्राहकाच्या मनात काय आहे, हे जाणण्याचा गृहस्थाजवळ एकच मार्ग उरतो : नीट विचारणे आणि उत्तर पुरे होईपर्यंत थांबणे.