अकरा अंडी

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कुडाळजवळच्या एका वाडीत मी गावठी अंडी मागायला गेले. माजघरातल्या टोपलीत, भाताच्या तुसात ठेवलेली ती समोर दिसत होती. मला सहाच हवी होती. दुप्पट पैसे देते म्हटलं, तरी घरातल्या काकींनी नकारार्थी मान हलवली. "ही देऊची नाय. बसवूची आसत. अकरा व्हयी."

ती अकरा अंडी माझ्या डोक्यातून जाईनात. म्हणून थंडीभर मी त्या परसात जात राहिले.

कोकणातली थंडी म्हणजे पहाटेचं दंव आणि उन्हं वर आली की उतरणारी शाल. पावसात पिल्लं ओलीनं मरतात, वैशाखात विहीर तळ गाठते. कोंबडी बसवायची आणि भाजी करायची ती याच दोन-अडीच महिन्यांत. कामं दोन, हात एकाच बाईचे.

खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवली त्याच दिवशी काकींनी लाल माठाचं बी फोकलं. वाफे, शेणखत, दोन वेळचं पाणी हे नेहमीचंच. खरी ओढाताण दिवसांची. अंडी फुटतात एकविसाव्या दिवशी. माठ कोवळा काढायला येतो पंचवीस-तीस दिवसांत. म्हणजे भाजी ऐन रंगात येते तेव्हाच पिल्लंवाली कोंबडी उकरायला बाहेर पडते. तिनं दोनदा पाय मारले की रोपं मुळांसकट उताणी. म्हणून वाफ्यांभोवतीच्या गडग्यावर मासेमारीचं जुनं जाळं ताणलेलं आणि खालच्या फटी चुडतांनी बुजवलेल्या.

सातव्या रात्री काकी खुराड्यापाशी बसल्या आणि त्यांनी कोंबडीच्या पोटाखाली हात घातला. तिनं अंग फुगवलं, घशात गुरगुरली, पण चोच मारली नाही. काकींनी एक अंडं मुठीत धरून खालून टॉर्च लावला. कवच शेंदरी उजळलं. आत एक काळा ठिपका आणि त्याच्यापासून फुटलेल्या केसाएवढ्या लाल शिरा. "जिता आसा," काकी हळूच म्हणाल्या आणि अंडं होतं त्या जागी गेलं. दोन अंडी मात्र नितळ निघाली, आत काहीच नाही. ती बाजूला काढली. अकराची नऊ. त्या थरथरत्या उजेडातलं ते अंडं मला अजून दिसतं.

या परसाला वास आहे तो राखेचा. चुलीतली राख सकाळी चाळली की तिचे दोन वाटे होतात. एक माठ-वांग्याच्या पानांवर, मावा पडू नये म्हणून. दंव सुकण्याआधी उधळली तर ती चिकटते. दुसरा खुराड्यामागच्या खळग्यात. कोंबड्या त्यात लोळतात, पिसांतल्या उवा झडतात. खुराड्यातली घाण बागेत येते, पण ताजी नाही. ताजी 'गरम', मुळं जाळते. पाल्यापाचोळ्याबरोबर दोन-तीन महिने कुजली की पुढच्या वाफ्याला.

कागदोपत्री याला जोडधंदा म्हणतात. मला तो शब्द खटकतो. राणीखेत रोगाला इथं मानमोडी म्हणतात. ती आली की खुराडी रिकामी होतात. तिची लस मिळते, पण बाटली निदान शंभर मात्रांची, आणि एकदा विरघळवली की दोनेक तासांत संपवायची. काकींच्या कोंबड्या चौदा. म्हणून त्या घरोघरी फिरून एक दिवस ठरवतात, बर्फात घालून बाटली आणतात आणि वाडीतल्या सगळ्या बाया आपापली पिल्लं ओच्यात घेऊन अंगणात जमतात. आठवड्याच्या पिल्लाच्या डोळ्यात एक थेंब. एवढा मेळ जी बाई घालते तिच्या कामाला 'जोड' कसं म्हणायचं?

बाविसाव्या दिवशी गेले तेव्हा आठ पिल्लं पंखांखालून डोकावत होती. एक कवचातच गेलं होतं. अकराची आठ. मी कण्या टाकायला वाकले तर काकींनी अडवलं. "पोटात घेवनच येता." उरलेला बलक पोटात ओढून घेऊनच पिल्लू बाहेर पडतं, पहिला दिवस त्याच्यावर निघतो.

जानेवारी सरताना माठाची दुसरी पेरणी हिरवी-लाल झाली होती आणि पिल्लं सहा उरली होती. दोन घारीनं नेली. "अकराची सहा," मी हळहळले. काकी वाफ्यात बसून जुड्या बांधत होत्या. याच जुड्या आणि बसवून उरलेली अंडी विकून येणारे पैसे त्यांच्या स्वतःच्या डब्यात पडतात. त्यांचा हिशेब त्यांना कुणाला द्यावा लागत नाही. त्यांनी मानेनंच माजघराकडे खूण केली.

टोपलीत नवं तूस होतं आणि तुसात सात अंडी. दुसरी कोंबडी घालत होती, अजून चार यायची होती. या वेळी मी एकही मागितलं नाही.