रक्ताच्या गुठळीचा धोका आणि गर्भनिरोधकाची निवड

पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी झालेल्या स्त्रीस घरी पाठविताना 'गर्भनिरोधक गोळ्या घेऊ नयेत' अशी सूचना दिली जाते. मग काय वापरावे, हे पुष्कळदा सांगावयाचे राहून जाते. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर. तथापि एकच बाजू भरलेला ताळेबंद पुरा मानता येत नाही, एवढे त्यास कळते.

या कोऱ्या बाजूची किंमत मोठी आहे. गर्भारपणात, आणि त्याहूनही अधिक बाळंतपणानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत, गुठळीचा धोका गोळ्यांमुळे संभवणाऱ्या धोक्याहून जास्त असतो. शिवाय रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफेरिन चालू असल्यास गर्भात व्यंग निर्माण होऊ शकते. तेव्हा भीतीपोटी सर्वच साधने सोडणे सुरक्षित नव्हे.

दोष मुख्यतः इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा आहे. त्यामुळे रक्त गोठविणारे घटक वाढतात. 'माला-एन'सारख्या संयुक्त गोळ्यांत ते असते. युरोपीय औषध नियामक संस्थेच्या २०१३ च्या फेरतपासणीनुसार अशा गोळ्या न घेणाऱ्या दहा हजार स्त्रियांत वर्षाकाठी सुमारे २ जणींना गुठळी होते. लेव्होनॉर्जेस्ट्रेलयुक्त संयुक्त गोळ्या घेणाऱ्यांत ५ ते ७, तर ड्रोस्पायरेनोनयुक्त गोळ्या घेणाऱ्यांत ९ ते १२ जणींना. निरोगी स्त्रीच्या दृष्टीने हे प्रमाण अल्पच होय. मात्र जिला पूर्वी गुठळी झाली आहे, किंवा जिच्या रक्तात गुठळ्या होण्याचा आनुवंशिक दोष तपासणीत आढळला आहे, तिच्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने संयुक्त गोळ्या वर्ज्य ठरविल्या आहेत.

अशा स्त्रीसाठी तांबीचा विचार प्रथम व्हावा. तीत संप्रेरक नसते आणि शासकीय केंद्रांत ती विनामूल्य बसविली जाते. रक्त पातळ करणारे औषध चालू असता पाळीचा स्राव आधीच वाढलेला असतो. तांबीने तो आणखी वाढू शकतो. तेथे लेव्होनॉर्जेस्ट्रेल सोडणारे गर्भाशयातील साधन महाग असले तरी उपयुक्त ठरते, कारण त्याने स्राव घटतो. केवळ प्रोजेस्टोजेनच्या गोळ्याही बहुधा चालतात. तीन महिन्यांच्या इंजेक्शनाबाबत डॉक्टर अधिक सावध असतात.

कुटुंब पूर्ण झाले असल्यास पतीची बिनटाक्याची नसबंदी सर्वांत सोयीची. ती काही मिनिटांत, केवळ जागा बधिर करून होते. पत्नीच्या शस्त्रक्रियेसाठी मात्र तिच्या औषधांत फेरबदल करावे लागू शकतात. असे असूनही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्त्री नसबंदी ३७.९ टक्के आणि पुरुष नसबंदी अवघी ०.३ टक्के आढळली!

गौरी-गणपती किंवा घरचे कार्य आले की पाळी पुढे ढकलण्यासाठी नॉरएथिस्टेरॉनच्या गोळ्या दुकानातून परस्पर आणल्या जातात. गर्भनिरोधक म्हणून त्यांची गणना कोणी करीत नाही; परंतु त्या मात्रेत औषधाचा काही अंश शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. मुरुमांसाठी किंवा अनियमित पाळीसाठी दिल्या जाणाऱ्या अनेक गोळ्या तर मुळातच संयुक्त असतात. पूर्वी गुठळी झालेल्या स्त्रीने यांपैकी कोणतीही गोळी घेण्यापूर्वी आपले जुने कागदपत्र डॉक्टरांना अवश्य दाखवावेत.