पुढचं मूल होण्यापूर्वी दोघांचं रक्त तपासा

पती-पत्नींनो,

घरातलं मूल सारखं आजारी पडतं का? हातापायाची बोटं सुजतात, सांधे ठणकतात, डोळे पिवळे दिसतात, अंगात रक्त भरत नाही? मग अंगारे-धुपारे पुरे करा. हा सिकलसेल असू शकतो.

रक्तातल्या तांबड्या पेशी एरवी गोल व मऊ असतात. या आजारात त्या विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक शिरांत अडकतात, म्हणून दुखतं. निरोगी पेशी सुमारे 120 दिवस जगते, ही 10 ते 20 दिवसांतच मोडते. हा आजार शिवल्याने होत नाही, एका ताटात जेवल्यानेही नाही. तो आईबापांकडून येतो.

खानदेशात भिल्ल, पावरा, मावची या जमातींत तो जास्त आढळतो. तेव्हा केवळ सातपुड्यातल्यांनी नव्हे, पारोळा तालुक्यातल्या भिल्ल वस्त्यांनीही तपासणी करून घ्यावी. यात कमीपणा कसला? एकाच बाजूने हा दोष आलेल्या माणसाला हिवतापापासून थोडं संरक्षण मिळतं, म्हणून हिवतापाच्या मुलखात तो पिढ्यान्‌पिढ्या टिकला. अशा माणसाला वाहक म्हणतात. वाहक धडधाकट असतो, शेतात राबतो. रक्त तपासल्याशिवाय कळतच नाही.

नवरा-बायको दोघंही वाहक असले, तर प्रत्येक खेपेला मूल आजारी होण्याची शक्यता चारात एक असते. इथे लोक चुकतात. "एक आजारी झालं, आता पुढची तिघं चांगली," असं म्हणतात. तीन मुली झाल्या म्हणून चौथा मुलगाच होतो का? तसंच हे. आणि दोष दोघांकडून येतो, तेव्हा एकट्या सुनेला बोल लावू नका.

1 जुलै 2023 पासून देशभर सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. त्यात 40 वर्षांपर्यंतच्यांची तपासणी होते. बोटातून थेंबभर रक्त घेतात. दोष दिसला तर वाहक की रुग्ण, हे दुसऱ्या तपासणीत ठरतं. दोघंही वाहक निघालात तर, निर्णय होईपर्यंत निरोध किंवा तांबी वापरा. दिवस गेलेच असतील, तर लगेच डॉक्टरांना सांगा. गर्भाची तपासणी साधारण तिसऱ्या महिन्यात मोठ्या रुग्णालयात होऊ शकते. बाईलाच सिकलसेल असेल तर गोळ्या मनाने सुरू करू नका.

आजारी मुलाला भरपूर पाणी पाजा, थंडीपासून जपा, डॉक्टरांनी दिलेली औषधं बंद करू नका. ताप, छातीत दुखणं किंवा एकाएकी पांढरं पडणं दिसलं, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. तपासणीचा कागद रेशनकार्डासोबत जपून ठेवा. मुलांच्या सोयरिकीच्या वेळी तो लागेल.