दुधाळ्याचा माळ आणि हिंजवडीची वाट

परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आलेल्या हिंगोली जिल्ह्यातील तरुणाने संगणकक्षेत्रात नोकरी करण्याचे मनात आणले, की त्याला प्रथम पुण्याच्या रात्रीच्या ट्रॅव्हल्सचे तिकीट काढावे लागते. त्याच्या अभियांत्रिकी शिक्षणाच्या शुल्काची तजवीज बहुधा हिंगोलीच्या किंवा वसमतच्या मोंढ्यात विकलेल्या हळदीच्या पट्टीतून झालेली असते; परंतु त्या शिक्षणाला जिल्ह्याच्या पाचही तालुक्यांत गिऱ्हाईक नसल्यामुळे हळद पिकते येथे आणि तिच्यावर पोसलेली विद्या राबते पुण्याजवळच्या हिंजवडीत.

पुण्याला तरी हे वैभव एकाएकी लाभले नाही. १८५४ मध्ये तेथे अभियंते घडवणारी शाळा निघाली, पुढे किर्लोस्कर आणि टेल्को यांचे कारखाने उभे राहिले, १९८१ मध्ये इन्फोसिसचा जन्म त्याच शहरात झाला (ती लवकरच बंगळूरला गेली, हा भाग वेगळा), १९८८ मध्ये सी-डॅक स्थापन होऊन १९९१ मध्ये तेथून 'परम ८०००' हा महासंगणक बाहेर पडला. आणि इतकी पूर्वतयारी झाल्यावर औद्योगिक विकास महामंडळाने हिंजवडीत जागा आखून दिली, तेव्हा कंपन्यांना माणसे आणि माणसांना कंपन्या शोधत फिरावे लागले नाही. हिंगोलीच्या वाट्याला यातले काहीच आले नव्हते. निजामाच्या मुलखात ती हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती आणि १९४८ नंतर ती तालुक्याची कचेरी होऊन राहिली.

अशा या जिल्ह्यात विज्ञानाने पाऊल टाकले ते मात्र नेमक्या त्याच्या उणिवेवर बोट ठेवून. कृष्णविवरांच्या मीलनातून उठलेल्या गुरुत्वीय लहरी १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगो या वेधशाळेच्या दोन यंत्रांनी प्रथम टिपल्या. ११ फेब्रुवारी २०१६ रोजी ती वार्ता जाहीर झाली आणि अवघ्या सहा दिवसांनी केंद्रीय मंत्रिमंडळाने भारतातील तशाच वेधशाळेला तत्त्वतः मान्यता दिली. एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांची अंतिम मंजुरी मिळाली आणि ११ मे रोजी पायाभरणी झाली. औंढा नागनाथ तालुक्यातील दुधाळ्याच्या माळावर काटकोनात पसरणाऱ्या, प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या निर्वात नळ्यांतून लेसरचा किरण आरशांवर आदळून परत येईल, आणि लहर गेल्यास त्या अंतरात प्रोटॉनच्या व्यासाच्या एका क्षुद्र अंशाएवढा जो फरक पडेल, तो मोजावयाचा आहे. म्हणून येथे अवजड कारखाने नकोत, धडधडणारी वाहतूक नको, जमिनीचा कंप नको. ज्या निवांतपणाला आजवर मागासलेपण म्हटले गेले, तोच या निवडीत गुण ठरला. (२०२४ च्या मार्चमध्ये आणि जुलैमध्ये याच जिल्ह्यात भूकंपाचे धक्के बसले, हे मात्र भूमीने निवड समितीला विचारून केले नाही.)

आता चहाच्या टपरीवर जो प्रश्न ऐकू येतो, तो असा, की लायगो आली म्हणजे हिंगोलीचे हिंजवडी होणार काय. माझ्या अल्पमतीला तसे वाटत नाही. वेधशाळेला तंत्रज्ञ, निर्वात प्रणालीचे जाणकार, विद्युत अभियंते आणि संगणकतज्ज्ञ लागतील. जवळच्या महाविद्यालयांनी त्या दिशेने अभ्यासक्रम आखले, तर काही मुले त्या पदांपर्यंत पोहोचतीलही. पण शेजारी शंभर कंपन्या, हजारो मोटारी आणि अहोरात्र चालणारी बांधकामे उभी राहिली, तर ज्या शांततेसाठी ही जागा पसंत केली गेली, तीच भंग पावेल. हिंजवडीची भरभराट आणि दुधाळ्याची उपयुक्तता एकाच मातीत नांदू शकत नाहीत.

शिवाय या यंत्रातून निघणारी विदा येथेच वाचली जाईल, असेही नाही. तिच्या विश्लेषणाची मुख्य जबाबदारी पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेकडे आहे. त्यामुळे कोट्यवधी प्रकाशवर्षे चालून औंढ्याला पोहोचलेली ती लहर आकड्यांच्या रूपाने पुण्याकडे रवाना होईल, आणि तिला तेथे वाचणारा एखादा मुलगा कदाचित वसमतचा असेल.