मानवंदनेच्या बंदुकीवरचा क्रोम

मानवंदनेच्या बंदुका आणि संगिनी काही देशांत क्रोमचा मुलामा देऊन चकचकीत केल्या जातात. तैवानच्या मानवंदना पथकांकडे अशा एम-१ गारंड रायफली आहेत. साध्या रायफलीच्या काळसर थराला गंज चढू नये म्हणून सतत तेल लागते, आणि त्या तेलाचे डाग पांढऱ्या हातमोज्यांवर पडतात. क्रोमचे तसे नाही.

विजेने मुलामा देण्याचे हे तंत्र सुरतेच्या जरीवाल्यांना परके वाटू नये. नकली जरीच्या तांब्याच्या तारेवर विजेच्या साहाय्यानेच चांदी चढते. क्रोमचे काम मात्र फार कटकटीचे. आधी निकेलचा जाड थर, त्यावर क्रोमचा एका मायक्रॉनहूनही पातळ. द्रावणातले षट्‌संयुजी क्रोमियम कर्करोगकारक. शिवाय बरीचशी वीज हायड्रोजन निर्माण करण्यातच जाते. हा हायड्रोजन कठीण पोलादात शिरला की ते ठिसूळ होते, म्हणून असे भाग मुलाम्यानंतर भट्टीत तापवतात.

अशी शस्त्रे जमवणारा जाणकार संग्राहक चकाकीला भुलत नाही, तो शिक्के पाहतो. मुलाम्याआधीच्या घासणीत कारखान्याच्या खुणा झिजतात. मग लष्करी मुलामा कोणता आणि बाजारू कोणता, हे ठरवणे अवघड.

भारतात शस्त्रसंग्रहाची ही हौस परवान्याला बांधलेली आहे. शस्त्र नियम २०१६ च्या यादीत ९ इंचांहून लांब पात्याच्या संगिनीही येतात.