औषधाची कमाल किंमत कशी ठरते?

घाटकोपर किंवा मुलुंड स्टेशनाबाहेरच्या औषधाच्या दुकानापाशी थोडा वेळ उभे राहा. महिन्याची चिठ्ठी हातात असूनही ‘सध्या चारच दिवसांच्या द्या’ म्हणणारे गिऱ्हाईक हमखास दिसेल. रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या बहुधा आयुष्यभर घ्याव्या लागतात. पैशांअभावी त्या मध्येच थांबल्या, तर पुढे मूत्रपिंडे, डोळे आणि हृदय यांना इजा होऊ शकते. म्हणूनच औषधाच्या किमतीवर सरकार काय बंधन घालते, हे समजून घ्यायला हवे.

१९९५ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशात ७४ मूळ औषधद्रव्ये होती. त्यांच्यापासून बनणाऱ्या औषधांची किंमत उत्पादनखर्चावरून ठरे. २०१३ च्या आदेशाने ही पद्धत बदलली. आता अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतील औषधांना कमाल किंमत लावली जाते. २०२२ च्या यादीत ३८४ औषधे आहेत.

ही किंमत काढण्याचे गणित आठवीच्या मुलांनाही जमेल. बाजारातील उलाढालीत किमान १ टक्का वाटा असलेल्या कंपन्या दुकानदाराला औषध ज्या किमतीला देतात, त्या किमतींची साधी सरासरी काढतात आणि तीत दुकानदाराचे १६ टक्के मिळवतात. समजा, एकाच गोळीची पट्टी तीन कंपन्या १०, १४ आणि ३६ रुपयांना देतात. सरासरी आली २० रुपये. तीत ३ रुपये २० पैसे मिळवले की कमाल किंमत २३ रुपये २० पैसे; कर वेगळा. महाग विकणाऱ्याला खाली यावेच लागते. स्वस्त विकणाऱ्याला मात्र या मर्यादेपर्यंत भाव चढवता येत नाही.

या पद्धतीतील उणीव तुमच्या लक्षात आली का? तीनपैकी दोन कंपन्या १४ रुपयांत किंवा त्याहून कमी दरात औषध देतात, तरी एका महागड्या कंपनीमुळे सरासरी २० वर जाते. उत्पादनाला खरोखर किती खर्च आला, हा प्रश्न येथे विचारलाच जात नाही.

तरीही नियंत्रणाचा परिणाम मोठा असू शकतो. हृदयाच्या रोहिणीत बसवायच्या औषधलेपित स्टेंटची छापील किंमत सरासरी एक लाखाहून अधिक होती. फेब्रुवारी २०१७ मध्ये तिच्यावर २९,६०० रुपयांची मर्यादा आली.

मुंबईत २०२२ पासून महापालिकेने सुरू केलेल्या ‘आपला दवाखाना’मध्ये तपासणी आणि औषधे मोफत मिळतात. २००८ पासून देशभर जन औषधी दुकानेही निघाली आहेत. तेथे औषध कंपनीच्या नावाने न विकता मूळ नावाने विकले जाते. जाहिरातीचा बोजा नसल्याने ते स्वस्त पडते.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. मुलांना घरातील रिकाम्या पट्ट्या आणायला सांगा. कंपनीने दिलेले नाव बाजूला ठेवून मूळ नाव आणि मात्रा फळ्यावर लिहा. मग एकाच औषधाच्या एका गोळीचे निरनिराळे भाव शेजारी मांडा. घरातले औषध बदलायचे असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच बदलावे, हेही मुलांना आवर्जून सांगा.