ऊन पाण्याचे भांडे निवडताना

थंडीचे दिवस आले, की घराघरांतून एकच विषय निघतो : यंदा ऊन पाण्याची काय सोय करावयाची? कोणी जुना तांब्याचा बंब उजळून घ्यावा म्हणतो, कोणी विजेचा गीझर सुचवितो, तर अलीकडे एखादा हौशी गृहस्थ गच्चीवर गरम पाण्याचा टब बसविण्याचे स्वप्न पाहतो. या तिन्हींसाठी पैसे मोजावे लागतात, आणि मध्यमवर्गीय संसारात असा खर्च पुनःपुन्हा करता येत नाही. म्हणून घेतलेली वस्तू टिकेल कशी, आणि ती घरातल्या माणसांना अपाय न करता कशी टिकेल, याचा आज थोडा विचार करू या.

आपल्या महाराष्ट्रीय घरांत ही सोय फार पूर्वीपासून दोन भांड्यांनी केली आहे : पाणी तापविण्यासाठी बंब आणि ते विसणून घेण्यासाठी घंगाळ. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत ही भांडी पिढ्यान्‌पिढ्या घडविली गेली. बंबाची रचना साधी आहे, पण तिच्यात मोठे शहाणपण आहे. मधोमध उभी नळी, तिच्या तळाशी जाळी, जाळीवर कोळसे किंवा लाकडाच्या ढलप्या, आणि नळीभोवती पाणी. विस्तव पाण्याच्या पोटात असल्यामुळे उष्णता वाया कमी जाते. त्यातून तांबे हे स्टेनलेस पोलादापेक्षा सुमारे पंचवीस पट अधिक उष्णता वाहून नेते. तांबटाच्या हातोडीचे जे गोल गोल ठसे आपण भांड्यावर पाहतो, त्या मठारकामाला केवळ शोभेची बाजू नाही. ठोकल्याने तांब्याचा पत्रा कडक होतो आणि त्याला सहजी पोचा पडत नाही.

असा बंब आजोबांकडून नातवाकडे येतो. त्याचा नाश बहुधा एकाच कारणाने होतो : पाणी न घालता, किंवा ते संपत आले असताना, खाली विस्तव पेटत राहणे. नळीला थंड ठेवणारे पाणीच नसेल, तर सांध्यांचा डाक वितळतो आणि बंब गळू लागतो. म्हणून जुना बंब घेताना तो काठोकाठ भरून तासभर उभा ठेवावा आणि तळाचा व तोटीचा सांधा कोरड्या फडक्याने पुसून पाहावा. घंगाळ घेताना तळाची बैठक आणि कड्यांचे रिव्हेट पाहावेत. भरलेले घंगाळ उचलताना सगळा भार त्या कड्यांवरच येतो.

आता आपल्या मलकपेठेच्या परिस्थितीकडे वळू. भांडे किती टिकेल हे जेवढे धातूवर, तेवढेच पाण्यावर अवलंबून असते. १९०८ च्या मुसी नदीच्या भीषण महापुरानंतर उस्मानसागर आणि हिमायतसागर हे तलाव बांधले गेले. ते अनुक्रमे १९२० आणि १९२७ मध्ये पूर्ण झाले, आणि शहराला तलावाचे गोड पाणी मिळाले. पुढे मांजरा, कृष्णा आणि गोदावरी यांचेही पाणी आणावे लागले. तरीही पुष्कळ इमारतींत नळाच्या पाण्याला बोअरच्या पाण्याची जोड द्यावी लागते. हैदराबादची भूमी ग्रॅनाइटच्या खडकाची. तिच्या भेगांतून येणारे पाणी बहुधा जड असते. त्यात विरघळलेले चुन्याचे क्षार पाणी तापताच वेगळे होतात आणि पांढऱ्या खपलीच्या रूपाने भांड्याला चिकटतात. ही खपली उष्णतेला अडविते. त्यामुळे गीझरमधील तापणारी कांडी स्वतःच अतिशय तापून जळते, आणि आपण मात्र दोष कंपनीला देतो.

यावर उपाय आहेत. पाणी साठ अंशांच्या वर तापविले, की खपली फार झपाट्याने जमते. म्हणून गीझरचा काटा पन्नास-पंचावन्न अंशांवर ठेवावा. टाकीच्या आतून काचेसारखा मुलामा असेल, तर तिच्यात मॅग्नेशियमची एक कांडी बसविलेली असते. ही कांडी स्वतः झिजते आणि टाकीच्या लोखंडाला गंजापासून वाचविते. ती झिजून संपली, की टाकीची पाळी येते. जड पाण्याच्या वस्तीत वर्षातून एकदा मिस्त्रीकडून टाकी उघडवून खपली काढावी आणि ती कांडी पाहावी. दुकानदार हमीच्या वर्षांविषयी भरभरून बोलतो; या कांडीविषयी आपणच विचारावे लागते. स्टेनलेस पोलादाची टाकी असेल, तरी ती अमर आहे असे समजू नये. खारट पाण्याने तिलाही बारीक छिद्रे पडतात. आणखी एक गोष्ट : तांब्याची नळी जस्ताच्या मुलाम्याच्या लोखंडी नळीला सरळ जोडू नये. दोन भिन्न धातू ओलाव्यात एकत्र आले, की लोखंड लवकर खाल्ले जाते.

विकत घेताना भारतीय मानक ब्यूरोचे आय.एस.आय. चिन्ह पाहावे. उंच इमारतीत खालच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी टाकी किती दाब सोसते तेही विचारावे. कारण गच्चीवरील टाकी जितकी उंच, तितका दाब अधिक, दर दहा मीटरला सुमारे एक किलो प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर. दाब सोडणारी झडप कधीही बंद करू नये, आणि विजेच्या जोडणीला अर्थिंग नसेल तर गीझर लावूच नये.

आता त्या गच्चीवरील टबाविषयी. त्यात वाईट काही नाही, परंतु शाळेत शिकलेले गणित इथे उपयोगी पडते. एक युनिट वीज सुमारे ८६ लिटर पाणी दहा अंशांनी तापविते. बावीस अंशांचे पाणी चाळीस अंशांपर्यंत न्यावयाचे, तर वीस लिटरच्या घंगाळाला अर्ध्या युनिटाहून कमी वीज लागते. एकट्याने पडून स्नान करावयाच्या १८० लिटरच्या टबाला पावणेचार युनिटे लागतात. चौघांनी बसावयाच्या हजार लिटरच्या टबाला एकवीस युनिटे हवीत; दोन किलोवॅटच्या गीझरला त्यासाठी दहा तासांहून अधिक वेळ लागेल.

वजनाचा प्रश्न याहून गंभीर आहे. घरातील खोलीची जमीन दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार गृहीत धरून योजलेली असते. साठ सेंटिमीटर खोल पाणी दर चौरस मीटरला ६०० किलो भार घालते. टबाचे आणि माणसांचे वजन निराळेच. स्थापत्य अभियंत्याने इमारत पाहून लेखी संमती दिल्यावाचून गच्चीवर असा टब ठेवणे म्हणजे खालच्या मजल्यावरील शेजाऱ्याच्या जिवाशी खेळणे होय. जमिनीवर भक्कम ओटा असेल, तर गोष्ट वेगळी. तेथेही काचतंतूचा पक्का आधार असलेला ॲक्रिलिकचा टब घ्यावा. तो ओतीव लोखंडाच्या मुलाम्याच्या टबापेक्षा पुष्कळ हलका असतो आणि गंजत नाही. लाकडी टब दिसावयास सुंदर, परंतु आपल्या कोरड्या उन्हाळ्यात तो रिकामा राहिला, की फळ्या आकसून सांधे उघडतात. टबाला झाकण हवेच. उष्णता सर्वांत अधिक पृष्ठभागावरून जाते, आणि उघडा टब लहान मुलांना धोक्याचा असतो. पाणी चाळीस अंशांपुढे नेऊ नये. गर्भवती स्त्रियांनी आणि हृदयविकार असणाऱ्यांनी वैद्यांना विचारल्याखेरीज त्यात बसू नये.

शेवटी जी गोष्ट सांगावयाची, ती सर्वांत महत्त्वाची आहे. गॅसचा गीझर स्वस्त पडतो आणि पाणी तत्काळ देतो, म्हणून पुष्कळ घरांत तो न्हाणीघराच्या आतच बसवितात. दार-खिडकी बंद असता तो खोलीतील प्राणवायू जाळतो. प्राणवायू अपुरा पडला, की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. स्नान करणाऱ्याला डोके जड वाटते, पाय लटपटतात, आणि कडी काढावयाचे भान राहत नाही. आपल्या देशात दर हिवाळ्यात अशा मृत्यूंच्या बातम्या येतात. म्हणून गॅसचा गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवावा, आणि त्याचा धूर नळीने बाहेर सोडावा. कोळशाच्या बंबालाही हाच नियम लागू आहे. आपल्या पूर्वजांचा बंब परसात किंवा पडवीत असे, त्यामागे एवढा अर्थ होता. दाटीच्या वस्तीत परसच उरले नाही, म्हणून तो बंब कोणी बंद न्हाणीघरात पेटवू नये.

ज्यांच्या गच्चीवर ऊन पडते, त्यांनी सौर बंबाचा विचार जरूर करावा. हैदराबादेत वर्षातील बहुतेक दिवस सूर्य हे काम विनामूल्य करतो. मात्र पाणी जड असेल, तर सपाट पत्र्याच्या यंत्रातील बारीक नळ्या खपलीने तुंबतात. तेव्हा आतून निराळे पाणी फिरविणारी रचना, अथवा काचनळ्यांचे यंत्र घ्यावे.

श्रोतेहो, या सर्वांचा मथितार्थ इतकाच, की भांडे निवडण्यापूर्वी आपण आपले पाणी पाहावे, आपली जागा पाहावी आणि घरात कोण राहते ते पाहावे. वृद्ध आई-वडील आणि लहान मुले यांची त्वचा पातळ असते. साठ अंशांचे पाणी काही क्षणांत त्यांना भाजते. बादलीत वा घंगाळात आधी थंड पाणी ओतावे, मग ऊन, आणि कोपर बुडवून पाहावे. ही जुनी रीत कोणत्याही नव्या यंत्राबरोबर चालते.